फडक्याआडचा रेडिओ

दुसऱ्याच्या बटणांना नावं ठेवणं हा माझा धंदा आहे. संभाजीनगरच्या हॉटेलात पलंगाशेजारी अकरा बटणांचा बोर्ड होता. त्यातलं पंख्याचं बटण शोधताना मी खोलीतले सगळे दिवे दोनदा लावले, दोनदा विझवले आणि शेवटी गिझर चालू करून बसलो. मग तो बोर्ड बसवणाऱ्याची मनातल्या मनात तासभर हजेरी घेतली. लोक प्रवासाला गेले की देवळं बघतात, डोंगर बघतात. मी नळ, कड्या आणि लिफ्टची बटणं बघतो. पुण्यात आमची कंपनी मोटारींसाठी स्क्रीन बनवते. त्या स्क्रीनवर काय, कुठं आणि कसं दिसावं हे ठरवायचं काम गेली पंधरा वर्षं मी करतो.

परत आल्यापासून मित्र विचारताहेत, कैलास लेणं कसं वाटलं, नान-खलिया खाल्ला का. दोन्हीबद्दल लिहितो. पण हा प्रवास मला ज्या कारणानं आठवतो ते कारण मोटारीतल्या एका रेडिओचं आहे, आणि ते सांगताना अजूनही कान गरम होतात.

वाळूज

जानेवारीतली थंडी होती. बसमधून उतरलो तर गौतम साळवे गाडीला टेकून उभे होते. पंचावन्नच्या आसपासचं वय, गुळगुळीत केलेली दाढी, डोक्याला टोपी, शर्टाच्या खिशाला पेन. वाळूजच्या ज्या कारखान्यात माझं काम होतं, त्यांनी तीन दिवसांसाठी साळव्यांची टॅक्सी लावून दिली होती.

"जय भीम साहेब. बॅग मागं टाका, तुम्ही पुढं बसा. पुढून शहर चांगलं दिसतं," ते म्हणाले.

पुढं बसलो आणि सवयीनं आधी समोर बघितलं. गाडीच्या मधोमध, जिथं स्क्रीन असतो, तिथं निळं फडकं होतं. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून ते नीट ताणून बसवलेलं. त्याच्या शेजारी, गार हवेच्या जाळीला, सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून एक छोटा खिशातला रेडिओ बांधला होता. रेडिओला दोन गोल बटणं, एक आवाजाचं, एक स्टेशनचं. साळव्यांनी गाडी चालू केली, हात लांब केला, बटण फिरवलं आणि बासरी लागली. एवढ्यात त्यांची नजर रस्त्यावरून एकदाही हलली नाही.

मी धंद्यातला माणूस. ही गोष्ट मी डोळ्यांनी टिपली. चालकाची नजर रस्त्यावरून हलू नये म्हणून आम्ही वातानुकूलित खोलीत किती बैठका घेतो, आणि इथं ट्यूबच्या पट्ट्यानं काम झालं होतं.

"हे काय झाकलंय?" मी विचारलं.

"टीव्ही हाय गाडीतला. त्याच्यातच रेडिओ बी हाय, डिजिटल. लई नाटकी."

"बिघडलाय का?"

"नाय नाय. चांगला चालतो. बिघडलो ते मी," साळवे म्हणाले आणि हसले.

सिग्नलला थांबलो तेव्हा मी फडक्याचा कोपरा उचलून बघितला. आतला स्क्रीन माझा होता. माझा म्हणजे मीच आखलेला. डावीकडच्या घराच्या चित्राचं छप्पर किती तिरकं असावं यावर मी आठवडाभर भांडलो होतो, ते छप्पर ओळखीच्या माणसासारखं माझ्याकडं बघत होतं. सांगायला हवं होतं. नंतर सांगू, आत्ता कशाला, असं म्हणून मी कोपरा परत खाली सोडला. खरं तर साळव्यांनी त्याला नाटकी म्हटलं म्हणून मला राग आला होता.

वाळूजला पाळी सुटत होती. कामगारांच्या बसगाड्या फाटकातून बाहेर येत होत्या आणि त्यांच्या मधल्या फटींतून मोटारसायकली. कारखान्यातल्या बैठकीत मी नव्या स्क्रीनची माहिती दिली. चालकाचं लक्ष ही आपली नैतिक जबाबदारी आहे, असं एक वाक्य माझ्या भाषणात होतं आणि त्यावर टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, जुन्या स्क्रीनमध्ये स्टेशनांची यादी आपोआप हलते. त्या गाड्यांचं काय?"

मी म्हणालो, "त्या गाड्या आता म्हाताऱ्या होत आल्यात." लोक हसले, मीही हसलो. ती मुलगी हसली नव्हती, हे मला आता आठवतं.

ती यादी काय प्रकार आहे हे इथंच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या रेडिओत काटा फिरवून स्टेशन शोधायचं. डिजिटल रेडिओत स्टेशनांची नावंच एकाखाली एक येतात, हवं त्यावर बोट ठेवायचं. ज्या स्टेशनाचा सिग्नल त्या क्षणी सगळ्यात चांगला, ते आपोआप सगळ्यात वर यावं, ही कल्पना माझी. आम्ही ती कंपनीच्या आवारात गाडी फिरवून तपासली. आवार सपाट, सिग्नल सगळीकडं सारखा. यादी एकदाही हलली नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी साळव्यांनी मला जुन्या शहरात नान-खलिया खायला नेलं. मोठाल्या पातेल्यात मटणाचा लालभडक रस्सा आणि ताटलीएवढा पिवळसर नान. पुण्यात आम्ही हॉटेलात अनोळखी माणसासमोर बसायची वेळ आली तर आधी दुसरं टेबल शोधतो. इथं साळव्यांनी एका अनोळखी चाचांना "जरा सरकता का" म्हटलं, आणि त्या चाचांनी सरकता सरकता माझ्या ताटलीत आपला कांदाही वाढला. रश्श्याचा एक थेंब माझ्या बैठकीच्या शर्टावर पडला तो अजून गेलेला नाही.

वेरूळचा घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळला निघालो. दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूवाल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. तिखटमीठ लावलेला पेरू खात, बियांना नावं ठेवत खुलताबाद मागं टाकलं. पुढं रस्ता वेरूळकडं उतरायला लागला तसा साळव्यांनी रेडिओ बंद केला.

"ऐकू द्या की," मी म्हणालो.

"ह्या घाटात मी नाय लावत."

एका वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली. समोरच्या बाजूला रस्त्याचा दगडी कठडा होता. त्यातला पाच-सहा हातांचा तुकडा नवा होता, सिमेंट अजून पांढरं दिसत होतं.

"तो मी पाडला," साळवे म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ते आणि त्यांचे मेव्हणे रमेश देवगाव रंगारीहून अद्रकाचा नमुना घेऊन शहरातल्या बाजारात निघाले होते. गाडी वापरलेली, पण साळव्यांनी नुकतीच घेतलेली. घाट चढताना बाजारभावाची वेळ झाली म्हणून साळव्यांनी रेडिओ लावायला घेतला. स्क्रीन चालकाकडं वळवलेला, त्यामुळं रमेशना बाजूनं धड दिसतही नव्हता. (तो चालकाकडं वळवायची सूचनाही माझीच.) साळव्यांनी भावाच्या स्टेशनावर बोट नेलं तोवर ते नाव खाली गेलं आणि भलतंच गाणं लागलं. परत बघितलं, परत बोट नेलं, तर नाव वर गेलेलं. तिसऱ्यांदा बघितलं आणि डाव्या अंगाला कठडा आला. डाव्या अंगाला रमेश बसले होते.

"पाय वाचला, पण गुडघा वाकत नाय आता. शेतात उभं ऱ्हाता येत नाय," साळवे म्हणाले. "माझी बहीण शोभा, त्याची बायको. तवापासून माझ्याशी बोलत नाय. पुढच्या महिन्यात भाचीचं, प्रज्ञाचं लग्न हाय. सगळ्या गावाला पत्रिका गेली. मला नाय आली."

"पण चूक तुमची कशी? यादी हलते ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला बी तसंच वाटलं व्हतं. कंपनीला पत्र लिहिलं की मी. बोट लावेपर्यंत नाव पळतं म्हणून. त्यांनी तपासलं. ह्ये बघा."

त्यांनी समोरचा कप्पा उघडून एक कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. मी वाचला.

'महोदय, आपली तक्रार मिळाली. तपासणीत यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. वाहन चालवताना लक्ष रस्त्यावर ठेवणे ही चालकाची जबाबदारी आहे, हे आपण जाणताच. आपला प्रवास सुखाचा होवो.'

मला दुसऱ्या ओळीनंतर वाचायची गरज नव्हती. मोटार कंपनीला अशा तक्रारींसाठी मराठीत एक ठरावीक उत्तर हवं होतं. आमच्याकडं मराठी बरं लिहिणारा मीच. एका दुपारी चहा पिता पिता मी ते लिहून दिलं होतं. कुणी काही तपासायचं नव्हतंच. तक्रार आली की हा कागद जायचा. 'हे आपण जाणताच' हे शब्द मला विशेष आवडले होते. दोष समोरच्यावर ढकलायचा पण आदरानं, असं काहीतरी मला साधलं होतं आणि मी ते शेजारच्या टेबलावर वाचूनही दाखवलं होतं.

"चांगलं लिहिलंय," साळवे म्हणाले. "शिव्या दिल्या नाय. समजावून सांगितलंय. शिकलेल्या माणसाला जमत असंल ते टीव्हीचं. मला नाय जमलं."

मी कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि परत दिला.   मग भलतंच बोललो: "जरा फडकं काढू का? बघतो कसा आहे तो."

गाडी पुढं निघाली. साळवे सायकलच्या वेगानं उतरत होते आणि मी, त्या यादीचा जन्मदाता, शेजारच्या सीटवर वाकून, दोन्ही डोळे स्क्रीनवर ठेवून, एक स्टेशन लावायचा प्रयत्न करत होतो. डोंगर आडवा आला की नावं खालीवर व्हायची. पहिल्यांदा भलतं स्टेशन लागलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी नुसती खरखर लावली. मान वर केली तेव्हा घाट संपून वेरूळ आलं होतं आणि वाटेत काय काय गेलं ते मला ठाऊक नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या साहेब, तुमचं बी डोकं दुखंल," असं म्हणून साळव्यांनी चिमटे परत लावले.

कैलास लेणं बघितलं. एक वाटाड्या शाळेच्या मुलांना सांगत होता की हे कळसापासून पायथ्याकडं कोरलंय, चुकून जास्तीचा निघालेला दगड परत लावता येत नाही. दहा वेळा ऐकलेली माहिती, पण त्या दिवशी मी तिथं थांबलो. आमच्या धंद्यात चूक पुढच्या आवृत्तीत सुधारतात. मागची आवृत्ती ज्याच्या गाडीत बसली तो बसला.

साळवे माझ्याबरोबर फक्त दहाव्या लेण्यात आले. वर दगडात कोरलेल्या कमानी, समोर स्तूप आणि बसलेले बुद्ध. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. ते खाली बसून हळू आवाजात वंदना म्हणू लागले. दगडाच्या त्या पोकळीत त्यांचा आवाज घुमून मोठा होत होता. मी खांबाआड उभा होतो. आता बाहेर गेल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "उद्या तुम्हाला सुट्टीच हाय ना? देवगावला चला. हुरडा खाऊ. माझं एक काम बी हाय तुमच्याकडं."

मी हो म्हणालो.

देवगाव रंगारी

काम काय ते गावाजवळ आल्यावर कळलं. मागच्या सीटवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात भाचीसाठी साडी. लग्नात मामाची साडी नवरीच्या अंगावर यावी लागते.

"मी नेली तर शोभा दारातून परत करंल," साळवे म्हणाले. "पण पाव्हण्याच्या हातचं परत करायची आमच्यात रीत नाय. तुम्ही नुसती ठेवा आणि या."

आधी त्यांच्या भावाच्या शेतावर गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला हुरडा खाल्ला. ज्वारीचे हिरवे कोवळे दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. पुण्याच्या रिसॉर्टमध्ये हुरड्याला तिकीट असतं आणि बरोबर जादूचे प्रयोग असतात. इथं आगटीभोवती चार माणसं, आणि कुणाला बोलायची घाई नाही. मला घास उतरत नव्हता, तरी मी खात होतो, कारण खाणं संपलं की निघावं लागणार होतं.

साळव्यांनी गाडी लिंबाच्या झाडाखाली लावली आणि लांबून घर दाखवलं. मी पिशवी घेऊन गेलो.

ओसरीवर रमेश बाजेवर बसून अद्रकाची माती काढत होते. एक पाय समोर सरळ पसरलेला. शोभाताई अंगणवाडीत सेविका आहेत, नुकत्याच परत आलेल्या दिसत होत्या, खांद्याला पिशवी तशीच होती. मी पुण्याचा पाहुणा आहे एवढं सांगितलं. पाणी आलं. मी साडीची पिशवी बाजेवर ठेवली.

"कुणी दिली?" शोभाताईंनी विचारलं.

"साळव्यांनी. गौतम साळव्यांनी."

त्या लिंबाकडं बघून परत माझ्याकडं वळल्या. "पाव्हण्याच्या हातानं धाडायची युक्ती त्याची जुनीच हाय. जाताना घेऊन जा. पण जेवल्याशिवाय जायाचं नाय."

आमच्याकडं पाहुण्याला जेवणार का असं विचारतात, आणि त्यानं नको म्हणावं अशी अपेक्षा असते. इथं विचारलंच नाही. बाजरीची भाकरी आली, ठेचा आला आणि येसर. म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेल्या पिठाची आमटी. पोटात हुरडा होताच. अशी आमटी मी कधी खाल्ली नव्हती, आणि ती वाढणाऱ्या बाईच्या घरात मी काय करून ठेवलं होतं ते तिला माहीत नव्हतं. माझ्या भित्रेपणाचं माप काढायचंच तर ते दोन भाकरी आहे. एवढं खाऊन होईपर्यंत मी गप्प होतो.

शोभाताईच म्हणाल्या, "तुम्हाला वाटंल, बाई कठोर हाय. पण त्यानंच कंपनीचा कागद आणून दाखवला मला. यंत्रात दोष नाय म्हणून. शिकलेल्या लोकांनी तपासून लिहिलेलं. यंत्रात नाय, मग कुणात हाय? बाजूला माझा माणूस बसलाय आणि ह्यानं नजर काढली रस्त्यावरची."

"ताई, तो कागद मी लिहिलाय," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. स्क्रीन माझा, यादी माझी, सपाट आवारात केलेली तपासणी माझी, कुणी काही न तपासता पाठवायचं ते पत्रही माझं. काल घाटात शेजारी बसून, गाडी हळू असताना, मला स्वतःला तीनदा जमलं नाही हेही सांगितलं. हात ताटात होता, तो सुकत चालला होता.

रमेशचा हात अद्रकावर थांबला होता. ते बायकोकडं न बघता म्हणाले, "लाव म्हणलं ते मी. त्यो वर चढल्यावर लावू म्हणत व्हता. घाई मला व्हती भावाची. दोन वर्सं हे मी तुला बोललो नाय."

शोभाताईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग आत गेल्या आणि वहीचं एक पान व पेन घेऊन आल्या.

"हात धुवा आणि लिहा," त्या म्हणाल्या. "दुसरा कागद लिहा."

मी लिहायला घेतलं. हाताला जुनी सवय. 'सदर यंत्रणेत काही त्रुटी असू शकतात' असं पहिलं वाक्य झालं. शोभाताई उभ्यानं वाचत होत्या.

"असू शकतात म्हंजी? हाय का नाय?"

"आहे."

"मग तसं लिहा."

खोडलं, लिहिलं. पुढं लिहिलं की अपघात ही एकट्या चालकाची चूक नाही.

"चूक हाय का त्याची?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा. भावावरचं पांघरूण मला नको."

मी विचार करून म्हणालो, "नजर त्यांनी काढली. पण काढल्याशिवाय स्टेशन लागणारच नाही, असं मी ते बनवलं."

"हेच लिहा. हितं बोलला तसंच."

तसंच लिहिलं. खाली सहीपाशी पेन थांबलं. मला नोकरी दिसली, घराचे हप्ते दिसले, कायदा विभागातला तो चष्मेवाला माणूस दिसला. एवढं सगळं सांगून झाल्यावरही मी मनात पळवाट शोधत होतो. शोभाताई कागदापाशी उभ्याच होत्या. मी सही केली. मग त्यांनी हुद्दाही लिहायला लावला.

त्यांनी कागद फुंकर मारून वाळवला आणि अंगणवाडीच्या पिशवीत ठेवला. साडी बाहेर काढली नाही, पण पिशवी उचलून आतल्या पेटीवर नेऊन ठेवली.

"साडी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा. ते मी नाय करणार."

लिंबाखाली साळव्यांनी आधी माझे हात बघितले.

"घेतली?"

"घेतली."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. खिशातलं पेन काढून परत खोचलं. इतका आनंदलेला माणूस मी जवळून फार कमी वेळा बघितला आहे, आणि त्याच वेळी मला तोंड उघडायचं होतं. गाडीत बसल्यावर मी सांगितलं. काही झाकलं नाही, कारण झाकायला आता काही उरलं नव्हतं.

वेरूळ मागं पडलं. घाट चढताना नव्या कठड्यापाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली.

"काल हितंच थांबलो व्हतो. कागद तुमच्या हातात व्हता."

"होता."

"तवा का नाय बोलला?"

"लाज वाटली."

साळव्यांनी मान हलवली. "मी दोन वर्सं वागवली ती. तुमची व्हती व्हय," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

बसपाशी त्यांनी माझी बॅग उतरवून दिली. मी हात पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही, पण जय भीम म्हणाले, रोज म्हणायचे तसंच.

पुणे

परत आल्यावर मी ऑफिसात आमच्या साहेबांना सगळं सांगितलं आणि जुन्या गाड्यांमधली यादी स्थिर करायला हवी, असं म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. शोभाताईंकडं ठेवलेल्या कागदाबद्दल ऐकल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "विवेक, जे काही आहे ते रीतसर मार्गानं येऊ दे. तुझ्याकडंही तीच गाडी आहे ना? मोटार कंपनीकडं ग्राहक म्हणून तक्रार कर."

मी केली. चार पानं लिहिली, घाटाचा नकाशा जोडला, कुठल्या वळणावर कुठलं नाव किती खाली सरकतं ते आखून दाखवलं. माझ्या गाडीतल्या स्क्रीनवर एक फडकं लावलं. बायकोनं विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा वर्षं तू माझ्या मिक्सरच्या बटणांना नावं ठेवतोयस." 

महिना उलटल्यावर साळव्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"लग्न झालं साहेब. प्रज्ञानं साडी नेसली. शोभानं बोलावणं धाडलं व्हतं. मामा म्हणून मागं उभा व्हतो मी."

मी म्हणालो, फार बरं झालं. तक्रार केल्याचं मी त्यांना आधीच कळवलं होतं.

"तुमच्या तक्रारीचं काय झालं?" त्यांनीच विचारलं. "घाटात लई गाड्या हायेत तसल्या. बघत असतो मी. माणसं खाली बघून चालवायलीत."

"उत्तर आलंय. आजच."

"वाचा की. काय लिहिलंय?"

कागद समोरच होता. मी वाचायला सुरुवात केली. महोदय, आपली तक्रार मिळाली. तपासणीत यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. वाहन चालवताना लक्ष रस्त्यावर ठेवणे ही चालकाची जबाबदारी आहे, हे आपण जाणताच. तिथं मी थांबलो.

 पलीकडून साळवे हळू आवाजात, लेण्यात वंदना म्हणाले होते तसे, न अडखळता म्हणाले, "आपला प्रवास सुखाचा होवो. पाठ हाय मला."